हेमिसच्या उतारासमोर बसण्याची तयारी

ताडोबा-पेंचची सवय घेऊन लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात गेलेल्या नागपूरकराचा पहिल्या दोन दिवसांत हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे जंगल कानांनी वाचायचं असतं. चितळाचा कॉल आला, वानर खोकलं, की चालक जिप्सी बंद करतो आणि सगळे श्वास रोखून दिशा पकडतात. हेमिसमध्ये जिप्सी नाही, सकाळ-संध्याकाळची फेरी नाही, झाडीही नाही. समोर एक प्रचंड उघडा उतार असतो, अर्धा ते दीड किलोमीटर लांब, आणि त्यावर कुठेतरी दगडाच्याच रंगाचं एक जनावर, म्हणजे हिमबिबट्या, झोपलेलं असतं किंवा नसतं. ते शोधायला दिवसाचे सहा-सात तास एका जागी बसून दुर्बिणीला डोळा लावावा लागतो, तापमान शून्याखाली दहा असताना. म्हणून नागपुरातून निघताना आम्ही प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावतो: यामुळे तिथे बसण्याचे तास वाढतील की कमी होतील? मोजे असोत, औषध असो की लेहमधला मुक्काम, उत्तर त्यातूनच निघतं.

आधी जागेविषयी. हेमिस राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये घोषित झालं. नंतर त्याची हद्द वाढत गेली आणि आज सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर क्षेत्रासह ते देशातलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान आहे. उत्तरेला सिंधू नदी, आत रुंबक, सुमदा आणि मारखा ही खोरी, उंची साधारण ३,००० मीटरपासून ६,००० मीटरच्या वर. हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडतं. नागपुरात याच्या दहापट पाऊस होतो. त्यामुळे फेब्रुवारीतही सगळीकडे पांढरंशुभ्र बर्फ असेल अशी कल्पना करू नये. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर बर्फ टिकतो, दक्षिणेकडचे उतार उघडे, तपकिरी असतात. भरल (हिमालयातली रानमेंढी, हिमबिबट्याची मुख्य शिकार) याच उघड्या उतारांवर चरायला येतात. नजर कुठे ठेवायची, त्याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

नावाचा एक घोळ आधीच सोडवलेला बरा. हेमिस गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, लेहपासून चाळीसेक किलोमीटरवर आग्नेयेला आहे. हिमबिबट्यासाठी जायची वाट मात्र लेहच्या दुसऱ्या अंगाला, स्पितुकजवळ सिंधू ओलांडून जिंगचेनकडे जाते. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘हेमिस’ सांगितलं तर तो गोंपाच्या दारात नेऊन सोडेल. ‘जिंगचेन, रुंबक’ असं सांगावं.

काळ निवडायचा तर जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. हा हिमबिबट्याचा मीलनाचा काळ. नर-मादी जास्त फिरतात, दगडांवर खुणा करतात, कधीकधी संध्याकाळी त्यांची लांबलचक हाकही ऐकू येते. (हे जनावर डरकाळी फोडत नाही. ती हाक मांजरीच्या ओरडण्याच्या जवळची असते.) शिवाय वर बर्फ असल्यामुळे भरल खाली उतरलेले असतात आणि त्यांच्या मागोमाग हिमबिबट्याही. जून-जुलैत हवा छान असते, पण भरल उंच कुरणांवर जातात आणि हिमबिबट्या दिसण्याची आशा जवळपास सोडून द्यावी लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन हिमबिबट्या पाहायला जाऊ, असं कोणी म्हणालं तर आम्ही सरळ नको म्हणतो.

भारतातली हिमबिबट्यांची पहिली शास्त्रशुद्ध मोजणी २०१९ ते २०२३ या काळात झाली. जानेवारी २०२४ मध्ये तिचा आकडा जाहीर झाला: देशात ७१८, त्यांपैकी एकट्या लडाखमध्ये ४७७. आकडा ऐकून सोपं वाटतं. पण एवढे प्राणी इतक्या अफाट डोंगररांगांत विखुरलेले आहेत की अनुभवी वाटाड्याशिवाय महिनाभर फिरूनही हाती काही लागणार नाही.

नागपुरातली तयारी दोन महिने आधी सुरू होते आणि तिची सुरुवात रक्ततपासणीने करावी. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे आणि उंचीवर हाच आजार जिवावर बेतू शकतो. ज्यांना आजार आहे त्यांनी जाऊ नये. पण ‘वाहक’ असलेल्यांनीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नये, कारण विरळ हवेत वाहकांच्याही प्लीहेचा रक्तपुरवठा तुटल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. लेहला पोचल्यावर डाव्या बरगडीखाली जोरात दुखू लागलं तर ते ॲसिडिटीवर ढकलू नये. आमच्या प्रत्येक गटात आधी सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची झटपट तपासणी) आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस (आजार आहे की नुसतं वाहक, ते सांगणारी तपासणी), हा नियम आहे. त्याबरोबर हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि चाळिशीच्या पुढच्यांचा ईसीजी.

दुसरी गोष्ट उंचीचा त्रास टाळणाऱ्या डायमॉक्सची, म्हणजे ॲसिटाझोलामाइडची. प्रतिबंधासाठी सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात आणि वर जाण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात. पण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये. गोळी नागपुरात असतानाच डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन दिवस घेऊन पाहावी. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा पाणचट लागतो, हे सगळं नेहमीचं आहे. ते घरी कळलं की लेहमध्ये घाबरगुंडी उडत नाही.

व्यायामाबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: रोज दहा किलोमीटर धावणाऱ्याला उंचीचा त्रास होत नाही. असं काही नाही. उलट तगडी माणसं पहिल्याच दिवशी जोर लावतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. तरीही पाय तयार हवेत, कारण रुंबकच्या खोऱ्यात रोज तीन-चारशे मीटरची चढउतार होते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, आणि सपाट. त्यामुळे रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, सेमिनरी हिल्सचा चढ किंवा सरळ आपल्या इमारतीचा जिना. पाठीवर आठ किलोची सॅक, अर्धा तास चढउतार, आठवड्यातून चार दिवस. उतरण्याचा सराव विशेष करावा, घसाऱ्यावर गुडघे उतरतानाच बोलतात.

कपड्यांत सर्वांत जास्त चूक होते ती सुती बनियनची. चढताना घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि बसल्यावर दहा मिनिटांत पाठीवर बर्फाची लादी ठेवल्यासारखं होतं. अंगाला चिकटून लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जाड जॅकेट आणि सगळ्यात वर वारा अडवणारं कवच. चालताना पिसांचं जॅकेट सॅकमध्ये राहू द्यायचं, थोडी थंडी वाजली तरी चालेल. बसायची जागा आली की घाम वाळायची वाट न पाहता लगेच अंगात घालायचं. पायांत एक पातळ आणि एक जाड लोकरी मोजा, आणि बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा. पाय गार पडतात म्हणून लोक घट्ट बुटात तिसरा मोजा कोंबतात. त्याने रक्तप्रवाह दबतो आणि बोटं आणखी गार पडतात. हातांना आत पातळ हातमोजे आणि वर चारही बोटं एकत्र राहतील असे जाड मिटन. पातळ हातमोजे काढायचेच नाहीत, कारण उणे पंधरामध्ये ॲल्युमिनियमच्या ट्रायपॉडला उघडी, दमट बोटं लागली की चिकटतात.

ज्या वस्तूने बसण्याचे तास सर्वांत जास्त वाढवले ती सर्वांत स्वस्त आहे: बंद पेशींच्या फोमचा चटईचा तुकडा, दीड बाय दीड फूट. दगडावर नुसतं बसलं की खालून थंडी चढते आणि कितीही भारी जॅकेट असलं तरी अर्ध्या तासात उठावं लागतं. एक तुकडा बसायला, दुसरा पायाखाली.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन आकडे छापलेले असतात. त्यातला ‘कम्फर्ट’ पाहायचा, ‘एक्स्ट्रीम’ नाही. दुसरा आकडा फक्त माणूस रात्र काढेल एवढंच सांगतो, झोपेल असं म्हणत नाही. कम्फर्ट उणे पंधरा तरी हवा. खाण्यासाठी नागपुरातून तिळाचे लाडू, भाजलेले शेंगदाणे, खारीक आणि गूळ न्यावा. संत्री नेऊ नयेत, पहिल्याच रात्री गोठतात आणि वितळल्यावर नुसता लगदा उरतो. चिक्की दातांनी तुटत नाही, खिशात अंगाजवळ ठेवून नरम करावी लागते.

नागपूर ते दिल्ली संध्याकाळचं विमान, दिल्लीत रात्र, आणि पहाटेचं लेहचं विमान असा बेत ठेवावा. लेहची विमानं मुख्यतः सकाळी असतात, दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो. लेहचं विमानतळ सुमारे ३,२५० मीटरवर, शहर ३,५०० च्या आसपास. हवेचा दाब आपल्या सवयीच्या साधारण दोन तृतीयांश. विमानातून उतरून आपली बॅग स्वतः उचलून पळत टॅक्सी गाठणं, ही पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे पहिल्या काही तासांत बरं वाटतं म्हणून बाजारात फिरणं. त्रास सहसा सहा ते बारा तासांनी, म्हणजे संध्याकाळी किंवा रात्री सुरू होतो. पहिले ४८ तास आराम, तीन-चार लिटर पाणी, हलकं जेवण, दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. रात्री झोपेत श्वास काही क्षण थांबून पुन्हा जोरात सुरू होतो आणि माणूस दचकून जागा होतो. पहिल्यांदा भीती वाटते, पण उंचीवर हे सर्रास घडतं आणि दोन-तीन रात्रींनी कमी होतं.

हिवाळ्यात लेहमधली बरीच हॉटेलं बंद असतात आणि उघडी असतात तिथेही नळाला पाणी नसतं, कारण नळच फुटतील. बादलीत पाणी मिळतं. खोली गरम राहील का, एवढं आधी विचारून घ्यावं. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. रुंबकमध्ये गेल्यावर त्याचाही भरवसा धरू नये. घरी तसं सांगून ठेवलं की कोणी काळजी करत बसत नाही.

तिसऱ्या दिवशी लेहबाहेर शे गावाजवळ सिंधूच्या काठाने हळूहळू फिरावं. चढ नाही, शरीर सरावतं आणि पक्षी चांगले मिळतात. वाहत्या पाण्यातल्या गोट्यांवर इबिसबिल उभा असतो, राखाडी अंग, काळी पट्टी, खाली वळलेली लाल चोच. तो हलला नाही तर वीस फुटांवरूनही दगडच वाटतो. डोळ्यांची शिकवणी इथून सुरू करायला हरकत नाही, पुढे हेच करायचं आहे.

जिंगचेनपर्यंत गाडी जाते. रस्त्याचं काम वरचेवर पुढे सरकत असतं, म्हणून गाडी नेमकी कुठे सोडेल हे आदल्या दिवशी विचारावं. उद्यानाचं प्रवेशशुल्क भरून पावती खिशात ठेवावी. जिंगचेनपासून रुंबक गावापर्यंत, उंचीशी जुळवून घेत, तीन-चार तास चालणं. अरुंद घळीतून वाट जाते आणि गोठलेला ओढा पुनःपुन्हा ओलांडावा लागतो. बुटांना लावायचे साखळीचे काटे इथे लागतात. सकाळी बर्फ टणक आणि सुरक्षित असतो. दुपारी ऊन लागल्यावर वरून पाणी वाहतं, खालचा थर पोकळ होतो आणि पाय आत जातो. भिजलेला बूट म्हणजे पुढचे दोन दिवस वाया, कारण बुखारीशेजारी (खोली गरम करणाऱ्या शेगडीशेजारी) ठेवूनही तो आतून वाळत नाही.

वाटेत मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) आणि छोर्तेन, म्हणजे स्तूप, लागतात. दीक्षाभूमीच्या स्तूपाभोवती आपण उजवा खांदा स्तूपाकडे ठेवून फिरतो, तेच इथेही. छोर्तेन उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, मग वाट थोडी लांबची पडली तरी.

राहायला तंबू की घर? आमचं मत स्पष्ट आहे, घर. तंबूत रात्री अंग गरम ठेवण्यातच सगळी ताकद जाते आणि सकाळी बसायला त्राण उरत नाही. रुंबकच्या घरांत पाहुणे ठेवण्याची पद्धत स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या कामातून रुजली, आणि लडाखमध्ये ती उभी करण्यात रिनचेन वांगचुक यांचा मोठा वाटा होता. पाहुणे पाळीपाळीने घरांना दिले जातात, म्हणजे पैसा एकाच घरात जात नाही. याचा हिमबिबट्याशी थेट संबंध आहे. पूर्वी हिमबिबट्या रात्री उघड्या छताच्या गोठ्यात उतरला की बाहेर पडता न आल्याने समोर दिसेल ती शेळी-मेंढी मारत सुटायचा. एका रात्रीत घराची वर्षाची पुंजी संपायची आणि माणसं सूडाने त्याला मारायची. पुढे गोठ्यांवर लाकडी वासे आणि तारेची जाळी आली, घरात पाहुण्यांचे पैसे येऊ लागले, आणि तोच प्राणी गावाला जिवंत हवासा झाला. आपण देतो ते भाडं नुसत्या खाटेचं नसतं, हे ध्यानात ठेवून घासाघीस करू नये.

घरात शिरताना ‘जुले’ म्हणायचं. घरच्या मोठ्या बाईला आमा-ले, वडीलधाऱ्याला आबा-ले, वाटाड्या वयाने मोठा असेल तर अचो-ले. सगळे चुलीभोवतीच्या एकाच खोलीत बसतात. जेवणाला स्क्यू किंवा थुक्पा, सकाळी खंबीर रोटी आणि लोण्याचा खारा चहा. तो चहा नावडला तरी एक कप प्यावा. त्यातलं मीठ, पाणी आणि चरबी तिन्हींची तिथे गरज असते. संडास कोरडा असतो: वरच्या मजल्यावर जमिनीला भोक, बाजूला माती-राखेचा ढीग आणि फावडं. पाणी टाकायचं नाही, दोन फावडी माती टाकायची. उन्हाळ्यात तेच खत सातूच्या शेतात जातं, म्हणून त्यात प्लॅस्टिक किंवा ओले वाइप्स अजिबात टाकू नयेत. रात्री बुखारी पेटती ठेवून खोली घट्ट बंद करून झोपू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

चार हजार मीटरवर पाणी साधारण ८७ अंशांनाच उकळतं. डाळ कुकरशिवाय शिजत नाही आणि फ्लास्कमधलं पाणीही अपेक्षेपेक्षा लवकर निवतं. साधी बाटली सॅकमध्ये उलटी ठेवावी, बर्फ वरून धरतो, म्हणजे झाकण मोकळं राहतं. पोकळ तंतूंचे वॉटर फिल्टर नेऊ नयेत. एकदा गोठले की आतले तंतू फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

आता खरं काम. पहाटे उजेड फुटायच्या आधी निघून गावाजवळच्या एखाद्या सोंडेवर पोचायचं, जिथून दोन-तीन घळी एकदम दिसतात. पहिली नजर वरच्या धारेवर. मागून उजळणाऱ्या आकाशावर कान, पाठ, शेपटीची कमान उठून दिसते, आणि हिमबिबट्याला धारेने चालायची सवय असते. ही संधी दहा-पंधरा मिनिटांची असते, ऊन उतारावर आलं की संपली. त्यानंतर उतार आडव्या पट्ट्यांत वाटून घ्यायचा. सहा जण असतील तर सहा पट्टे. प्रत्येकाने आपला पट्टा डावीकडून उजवीकडे, मग थोडं खाली येऊन उजवीकडून डावीकडे, असा नांगरल्यासारखा पाहायचा. आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी ४२ मिलिमीटरची दुर्बीण पुरते, पण ती ट्रायपॉडवर लावली तर दिसण्यात फार फरक पडतो. हातात धरलेल्या दुर्बिणीत नाडीचा ठोकासुद्धा हलतो आणि दगडांत कान दिसत नाही. संशय आला की मगच स्पॉटिंग स्कोप, आणि तोही आधी वीस पटीवर. थेट साठ पटीवर गेलं की कुठे पाहतोय तेच हरवतं.

पट्टा संपला की वीस मिनिटांनी तोच पट्टा पुन्हा. नवखी माणसं इथेच कंटाळतात. ‘तो उतार बघून झाला’ म्हणतात. उतार बघून कधीच होत नाही. दगडाआड झोपलेलं जनावर मध्येच उठून कूस बदलतं, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात कोणाची नजर तिथे असेल तरच ते सापडतं. आमचा वाटाड्या सावलीच्या रेषेवर जास्त वेळ घालवतो, कड्याच्या पायथ्याशी ऊन आणि सावली जिथे भेटतात तिथे. सकाळी हिमबिबट्या उन्हात पडलेला असतो, ऊन चढलं की दोन पावलं सावलीत सरकतो. ते दोन पावलांचं सरकणंच सापडतं.

भरलांचा कळप हा दुसरा डोळा. चितळासारखा त्यांचा कॉल दऱ्याखोऱ्यांत घुमत नाही. बारीक, चिरका आवाज असतो, वाऱ्यात तो विरून जातो. पण त्यांच्या माना बोलतात. कळप पांगून चरत असेल, काही बसून रवंथ करत असतील, तर त्या बाजूला काही नाही. एकदम सगळे उभे राहिले, एकमेकांजवळ आले आणि सगळी तोंडं एकाच घळीकडे वळली, की सगळ्या दुर्बिणी त्या घळीवर. कळप कड्याकडे पळाला तर शांकू, म्हणजे लांडगा, असण्याची शक्यता धरावी, कारण कडे हेच त्यांचं लांडग्यापासूनचं संरक्षण आहे.

तारबुंगच्या नाल्यात पुढे झुकलेल्या काही शिळा आहेत. वाटाड्याने एकदा दाखवली की पुढे तशा शिळा आपोआप दिसू लागतात. वरचा भाग छतासारखा पुढे आलेला, खालची बाजू पावसा-बर्फापासून कोरडी, आणि जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर काळपट, तेलकट डाग. हिमबिबट्या पाठ वळवून तिथे मूत्राची फवारणी करतो. नाक जवळ नेलं की उग्र वास येतो, त्यावरून खूण ताजी की जुनी याचा अंदाज बांधता येतो. शिळेच्या पायथ्याशी मातीत मागच्या पायांनी ओरबाडलेला वीतभर लांब चर आणि एका टोकाला मातीचा लहानसा ढीग. ढिगाच्या कडा तीक्ष्ण असतील तर खूण ताजी, वाऱ्याने गोल झाल्या असतील तर जुनी. त्यावर पाय ठेवू नये, हात लावू नये, तिथे लघवी तर मुळीच करू नये. त्या शिळा म्हणजे त्यांची एकमेकांना लिहिलेली पत्रं आहेत, कित्येक पिढ्यांची.

सर्वांत चांगली संधी शिकारीवर मिळते. एक मोठा भरल मारला की हिमबिबट्या तीन-चार दिवस, कधी जास्तही, त्याच्या आसपास राहतो. गिधाडं आणि दाढीवाला गिधाड म्हणजे लॅमरगायर एकाच जागेवर घिरट्या घालू लागले किंवा मॅगपाय आणि चफ (कावळ्यासारखे काळे पक्षी) यांचा थवा एका खळग्याभोवती बसू-उठू लागला, तर तिथे काहीतरी आहे. पक्षी खाली उतरत नसतील आणि कडेला नुसते बसून असतील, तर जनावर अजून जवळ आहे. अशा वेळी गटातलं कोणीतरी हमखास म्हणतं, आणखी शंभर मीटर पुढे गेलो तर फोटो चांगला येईल. जायचं नाही. त्याने शिकार सोडली तर पुढची मिळेपर्यंत आठ-दहा दिवस जाऊ शकतात, आणि थंडीत त्या उपाशी दिवसांची किंमत फार मोठी असते. वाटाड्यावर दबाव आणणं तर त्याहून वाईट. पाहुणा नाराज होईल या भीतीने तो कधी कधी होकार देतो आणि मनातून कष्टी होतो.

फोटोचं थोडक्यात. जनावर सहसा इतकं लांब असतं की ६०० मिलिमीटरच्या लेन्समध्येही ठिपकाच येतो. स्कोपला मोबाइल जोडायचा ॲडॉप्टर जास्त कामाचा. सकाळी दहा ते दुपारी तीन जमिनीवरून हवा थरथरते आणि कितीही महागडी काच असली तरी चित्र लवलवतं. त्या वेळी फोटो सोडून नुसतं शोधावं. बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवाव्यात, गारठ्यात त्यांची ताकद झपाट्याने उतरते. अंग तापलं की पुन्हा थोडी परत येते, म्हणून संपलेली वाटली तरी फेकू नये. संध्याकाळी घरात शिरण्याआधी, बाहेरच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करायचा आणि दोन-तीन तास तसाच राहू द्यायचा. उघडा नेला तर चुलीजवळची वाफ काचेवर आणि आतही जमते, आणि सकाळी बाहेर तेच पाणी गोठतं. डोळा लावायच्या भिंगावर आपला श्वास गोठतो, त्यासाठी नाक झाकणारा बफ खाली ओढून श्वास बाजूला सोडायची सवय लावावी लागते.

गॉगल एक क्षणही काढू नये असं सांगितलं तरी दुर्बिणीमुळे लोक काढून ठेवतात. बर्फावरून अतिनील किरण परत उसळतात आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. पट्टा संपला की गॉगल चढवायचा, एवढं तरी पाळावं. आणि पुढचा दिवस गेलाच म्हणून समजा, जर ते पाळलं नाही.

उंचीच्या त्रासाची सीमारेषा सगळ्यांना पाठ हवी. डोकेदुखी, भूक नसणं, मळमळ इथपर्यंत असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही, गावातच थांबायचं. बसल्याजागी धाप लागली, खोकला थांबेना, सरळ रेषेत टाच-बोट लावून चालताना तोल गेला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ताबडतोब खाली. रात्र असो की बर्फ पडत असो, सकाळपर्यंत पाहू असं म्हणायचं नाही. लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक हे सरकारी रुग्णालय आहे आणि तिथल्या डॉक्टरांना हे रुग्ण रोजचे आहेत. ऑक्सिमीटर सोबत ठेवावा, पण बोट गार असताना तो काहीही दाखवतो. आधी हात काखेत धरून गरम करायचा. पायाची बोटं बधिर, पांढरी पडली तर चोळायची नाहीत, बर्फाने तर नाहीच. कोमट पाणी, सोसवेल इतकंच, आणि तेही पुन्हा गोठण्याचा धोका नसेल तेव्हाच.

सहा रात्री रुंबकमध्ये मिळाल्या तर बरं, चारपेक्षा कमी असतील तर न गेलेलं बरं. एक-दोन दिवस हवा बिघडतेच. सहा रात्रींत हिमबिबट्या दिसला नाही असंही होतं. पण तेवढ्या तासांत भरलांची झुंज, कड्यावर रक्तासारखे लाल पंख उघडणारा वॉलक्रीपर, ओढ्याकाठचा कोल्हा, युरुत्सेच्या वरच्या उतारावर शिट्टी घालणारे हिमकोंबडे, हे सगळं समोर येतं. ज्यांना चालणं जमत नाही त्यांनी उले खोऱ्याचा विचार करावा. ते उद्यानाबाहेर आहे, पण गाडी गावापर्यंत जाते आणि तिथे आयबेक्स, म्हणजे रानबकरेही मिळतात.

हिमबिबट्या दिसला आणि फोटो मिळाला तर डावी आणि उजवी अशा दोन्ही कुशी स्पष्ट दिसतील ते फोटो, तारीख आणि नाल्याचं नाव लिहून वाटाड्याकडे द्यावेत. प्रत्येकाच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते, त्यावरूनच कोणता प्राणी कुठे फिरतो ते जुळतं. नेमकी जागा तेवढी फोनवरून सगळीकडे टाकू नये. लेहच्या बाजूची भटकी कुत्री आधीच डोंगरात शिरून वन्यप्राण्यांना त्रास देतात, त्यात माणसांची झुंबड नको.

परतीला लेहमध्ये किमान दोन दिवस हाताशी ठेवावेत. हवा बिघडली की विमानं रद्द होतात आणि पुढच्या दिवशीच्या विमानात जागा मिळेलच असं नाही. बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवाव्यात. घरून नेलेलं सगळं प्लॅस्टिक परत आणावं, रुंबकमध्ये कचरागाडी येत नाही. नागपुरात उतरल्यावर पिसांचं जॅकेट आणि स्लीपिंग बॅग दाबून भरलेल्या पिशवीत ठेवू नये. मार्चच्या कोरड्या हवेत तीन-चार दिवस सावलीत वाळवून, सैल सुती खोळीत, कपाटाच्या वरच्या फळीवर. पावसाळ्यापूर्वी एकदा बाहेर काढून झटकावं, नाहीतर जुलैच्या दमटपणात पिसं गोळा होतात आणि पुढच्या हिवाळ्यात खांद्यावरून वारा आत येतो.